कोअरला सुट्टी, बफरला नाही

१ जुलै आली की ताडोबाच्या कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, गेटं बंद होतात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी सगळी, ती मग १ ऑक्टोबरलाच उघडतात. दरवर्षी पेपरात बातमी येते की जंगल आता तीन महिने विश्रांती घेणार. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण आमच्या बाजूच्या जंगलाला ही विश्रांती मिळत नाही कारण ते बफर आहे, म्हणजे कोअरच्या भोवतीचा पट्टा, आणि कोअर बंद झालं की उलट आमच्याकडे गर्दी वाढते. ज्याला याच शनिवारी वाघ पाहायचा आहे तो ऑक्टोबरपर्यंत कशाला थांबेल, तो बफरचं गेट बुक करतो. मग एका बाजूला बांध्यांमध्ये धानाचा रोवणा (लावणी) सुरू आणि दुसऱ्या बाजूला चिखलातून जिप्स्या जाऊन राहिल्या, असा आमचा पावसाळा असतो.

मी चिमूर तालुक्यातला. गाव बफरात आहे, नाव लिहीत नाही कारण जे लिहितोय ते एका गावाचं नाही, मोहर्लीपासून पळसगावपर्यंत कुणालाही विचारा हेच सांगतील. चिमूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, सफारीची बुकिंगही करून देतो. चुलतभाऊ गाईड आहे. काकू मोहफुलं वेचते, तेंदूपत्ता तोडते. म्हणजे एकाच घरात टुरिझमही आहे आणि जंगलही आहे, आणि संध्याकाळी जेवताना दोघांचं भांडणही आहे. पर्यटन आणि निसर्ग यांचा समतोल वगैरे शब्द मी भाषणांमध्ये खूप ऐकले, पण तो समतोल नेमका कुठे बिघडतो ते आमच्या घरात जास्त स्पष्ट दिसतं म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी थोडं मागचं सांगतो कारण बाहेरच्या लोकांना कोअर-बफर हा फरक नीट माहीत नसतो, त्यांच्यासाठी सगळंच ताडोबा. १९५५ साली ताडोबा नॅशनल पार्क झालं, १९८६ ला अंधारी अभयारण्य, मग दोन्ही मिळून १९९५ च्या सुमाराला व्याघ्र प्रकल्प. कोअर आहे ६२५ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये त्याच्या भोवती बफर जाहीर झालं, ते ११०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोअरपेक्षा बरंच मोठं. आणि हे बफर काही रिकामं नाही. यात गावं आहेत, धानाच्या बांध्या आहेत, बोड्या आहेत, तलाव आहेत, गुरं चरायच्या जागा आहेत, देव आहेत. वन्यजीव कायद्यात २००६ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात बफरची व्याख्याच अशी आहे की तिथे माणूस आणि वन्यप्राणी सोबत राहतील, स्थानिकांच्या उपजीविकेचे, सामाजिक-सांस्कृतिक हक्क मानले जातील आणि सीमा ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत होईल. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचलेला आहे. पर्यटकांची सोय करण्यासाठी बफर, असं त्यात कुठेही नाही.

मग २०१२ साल आलं. जुलै महिन्यात सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं, आमच्याकडे एकदम घबराट झाली होती, गाईड लोकांचे चेहरे उतरले होते. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली पण सोबत व्याघ्र प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर लांब, दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर, आणि कोअरवरचा भार कमी करून पर्यटन हळूहळू बाहेर, बफरकडे न्यायचं. विचार चांगलाच होता, बफरातल्या गावांना रोजगार मिळेल हा त्यातला मोठा भाग होता, आणि मिळालाही, हे मी नाकारणार नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंजा, बेलारा, निमढेला अशी एकेक करत बफरची गेटं उघडली. आमच्या भागातले जे पोट्टे नागपूर-पुण्याला कंपन्यांमध्ये राबायला जायचे त्यातले बरेच परत आले. मुली गाईड झाल्या, काही जणी तर जिप्सी चालवतात, बाहेरची माणसं त्यांना "मॅडम" म्हणतात तेव्हा आमच्या गावच्या म्हाताऱ्या बाया कौतुकाने पाहत राहतात. दहावी नापास पोरगा पक्ष्याचं इंग्रजी नाव, मराठी नाव आणि गोंडी नाव तिन्ही सांगतो. हे टुरिझमने दिलं, जंगलखात्याच्या लोकांनीही मनापासून ट्रेनिंग दिलं.

पण गर्दी कोअरमधून कमी केली तर ती गेली कुठे याचा हिशोब कुणी केलेला मला दिसत नाही. जंगल वाचवायचे जवळजवळ सगळे कडक नियम कोअरच्या रेषेवर येऊन थांबतात. पावसाळ्याची सुट्टी कोअरला. मंगळवारची सुट्टी म्हटलं की कोअरच. आता २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना मोबाईल वापरू नका सांगितलं तेही कोअरमधल्या टुरिझम झोनबद्दल. त्याच निकालात रात्रीचं पर्यटन नको म्हटलंय याचा मला खरंच आनंद झाला, कारण नाईट सफारी बफरातच चालायच्या आणि दिवसभर माणसांना चुकवून थकलेलं जनावर रात्री तरी मोकळं फिरायला हवं ना.

वाघाला ही रेष माहीत नसते. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो, स्वतःची जागा शोधायला निघतो, आणि कोअरमध्ये आधीच मोठे वाघ बसलेले असल्यामुळे तो बफरमधूनच जातो, इथे थांबतो, शिकार शिकतो, इथून पुढे ब्रह्मपुरीकडे, घोडाझरीकडे, उमरेडकडे सरकतो. ब्रह्मपुरी विभागात तर कितीतरी वाघ अभयारण्याच्या बाहेरच, शेताजंगलात राहतात. म्हणजे बफरात जो वाघ दिसतो तो बरेचदा नवखा असतो, त्याला शांतता जास्त पाहिजे. आणि त्यालाच आपण दिवसभर गाड्यांच्या मधात ठेवतो.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलं असेल. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे, दोन्ही बाजूंनी जिप्स्या, पुढेही जाता येईना आणि मागेही. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाला. योग्यच झालं. पण मी त्या दिवशी भावाला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, त्या पोट्ट्यायले शिक्षा झाली ते बरोबर हाय, पण मागच्या सीटवरचा माणूस 'आगे लो, आगे लो' म्हणून खांदा हलवते ना, त्याले कोणी काही म्हणत नाही." हे मला पटतं. गाईडला फेरीची ठरलेली रक्कम मिळते, वरची टीप मात्र साइटिंगवर. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही दिसला तर "जाऊ दे, नेक्स्ट टाइम". वर ऑनलाईन रिव्ह्यू. त्या गाईडला तुम्ही नियमावली पाठ करायला लावा, पण त्याच्या घरचा किराणा जर साइटिंगवर ठरत असेल तर तो किती दिवस ५० मीटर मोजत बसेल?

माझ्या दुकानात बुकिंग करायला जे येतात त्यांचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या गेटला सध्या जास्त दिसून राहिला. आधी मी सांगायचो, कारण धंदा आहे. आता मी सोबत आणखी एक सांगतो, की जूनच्या शेवटी आलात तर नवरंग ऐकायला मिळेल, पावसाच्या आगेमागे तो इथे विणीला येतो, ओल्या नाल्याच्या काठाने त्याची दोन सुरांची शीळ सकाळभर चालते. मार्चमध्ये आलात तर पळस, मोह, आणि पांढऱ्या खोडाचा कुल्लू, ज्याला सगळे घोस्ट ट्री म्हणतात. काही जण ऐकतात. गेल्या उन्हाळ्यात अकोल्याचे एक काकाजी आले होते, रिटायर्ड मास्तर, ते म्हणाले वाघ नको भाऊ, मले रानकुत्रे दाखव. भावाला इतका आनंद झाला होता की घरी येऊन दोनदा तीच गोष्ट सांगितली.

पावसाळ्याच्या सुट्टीबद्दलही एक गैरसमज आहे तो इथे लिहून टाकतो. लोक म्हणतात वाघांचा विणीचा काळ असतो म्हणून बंद. तसं नाही, वाघीण वर्षात कधीही पिल्लं देते. पावसात कच्चे रस्ते फसतात, गाडीच्या चाकोऱ्या पडतात, त्यातून पाणी वाहून माती जाते, नाले भरलेले असतात, आणि नवीन रोपं, गवत, पाखरांची घरटी, बेडूक, हे सगळं याच दिवसात वर येतं. हे कारण जर कोअरला लागू असेल तर बफरच्या मातीला का नाही? माती तर तीच आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये एका रूटवर चाकोरी खोल झाली की दुसऱ्या बाजूने गाडी काढतात, मग तिसऱ्या, दिवाळीपर्यंत रस्ता तिप्पट रुंद. माझं म्हणणं एवढंच आहे की बफरची सगळी गेटं पावसात बंद करा असं नाही, लोकांची चूल आहे त्याच्यावर, पण आळीपाळीने करा. यावर्षी या गेटाचे निम्मे रूट बंद, पुढच्या वर्षी दुसरे निम्मे. जे रूट बंद त्या गाईड-ड्रायव्हरला उघड्या रूटवर पाळी द्या. गाड्या कमी सुटतील, उत्पन्न थोडं घटेल, पण ते सगळ्यांमध्ये वाटून घटेल.

पाण्याचं मी लिहिलंच पाहिजे कारण ते पर्यटकाला दिसत नाही. गेटांच्या रस्त्याने जी रिसॉर्टं उभी झाली त्यातली किती जणं मनापासून चांगली आहेत तेही मी पाहिलंय, सांडपाणी झाडांना देतात, दिवे मंद ठेवतात, गावच्या बायांकडून जवसाची चटणी आणि लाखोळीची डाळ विकत घेतात. पण बाकीच्यांचं काय? एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरी तळाला जातात, चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या वर, आणि त्याच वेळी सफारीचा सगळ्यात मोठा सीझन असतो कारण पाणवठ्यावर वाघ हमखास. म्हणजे पाणी सगळ्यात कमी तेव्हाच माणसं सगळ्यात जास्त. खोल बोअर मारून स्विमिंग पूल भरणारा आणि दोन हंड्यांसाठी पहाटे उठणारी बाई एकाच जमिनीखालचं पाणी ओढतात. त्यात रात्रीचे फोकस, लग्नाचे डीजे. तारेचं कुंपण थेट नाल्यापर्यंत आलं की चितळं वाट बदलून वावरात घुसतात, मग शेतकरी रात्रभर मचाणीवर जागतो, आणि कुणी वैतागून कुंपणात करंट सोडतो, त्यात रानडुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचाच माणूस. हे सगळं एकाला एक लागून येतं.

खोल्या किती बांधायच्या, बोअर किती, दिवे किती वाजेपर्यंत, हे ठरवताना ग्रामसभेला विचारलं पाहिजे. सही घ्यायला नाही, ठरवायला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि त्यांच्या जंगलातला बांबू कधी, किती तोडायचा ते गाव बसून ठरवतं. बांबूचं ठरवता येतं तर जिप्सीचं का नाही ठरवता येणार? होमस्टे हा त्यातला चांगला मार्ग आहे असं मला वाटतं, घरात दोन खोल्या, पाहुणा आमच्याच विहिरीचं पाणी पितो म्हणून पाणी जपून वापरायला आम्हीच सांगतो, आणि पैसा गावात राहतो.

आता मुख्य गोष्ट.

मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये. फुलं रात्री आणि पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचली नाही तर चितळं, माकडं खातात, आणि अस्वल तर मोहाच्या वासाने लांबून येतं. त्यामुळे बाया अंधारातच निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही पहाटेच, दुपारी घरी बसून ७० पानांचा एकेक पुडका बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन द्यायचा. दोन आठवड्यांचा सीझन, पण त्याच पैशात धानाचं बियाणं येतं, पोरांच्या शाळेच्या वह्या येतात. आणि सकाळची सफारीही त्याच वेळी सुटते, कधीकधी त्याच रस्त्याने. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या दिवशी काकू घरी येईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. सरकार २५ लाख देतं, देतं हे चांगलं आहे, पण त्या घरातली बाई गेली ती गेलीच.

त्यानंतर मला एक गोष्ट सारखी टोचते. गेटवर सकाळी गाड्या सुटल्या की अर्ध्या तासात सगळ्यांना माहीत असतं वाघीण कुठे आहे. एक जिप्सी दुसऱ्या जिप्सीला सांगते, पगमार्क पाहून गाईड सांगतो, चितळाचा कॉल ऐकून सांगतो, ट्रॅकर सांगतो. ही माहिती पुण्या-मुंबईच्या पाहुण्यापर्यंत सकाळी सात वाजता पोचते. आणि तिथून दोन किलोमीटरवर मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या माझ्या काकूपर्यंत पोचत नाही. ज्या बाईला ती माहिती जिवासाठी लागते तिलाच ती मिळत नाही! मोहर्लीजवळ सीतारामपेठला कॅमेरे आणि सायरनची यंत्रणा बसवली आहे, वाघ गावाकडे येताना दिसला की इशारा मिळतो, काही गावांमध्ये पीआरटीची (गावातल्याच पोरांचं मदत पथक) मुलं आहेत जी रात्री-बेरात्री धावून जातात, त्यांचे खरंच उपकार आहेत. पण गावाच्या वेशीवरची ही सोय जंगलात गेलेल्या बाईच्या कामाची नाही. आणि ही माहिती द्यायला नवीन मशीन लागत नाही, ती आधीच आमच्याच पोरांच्या तोंडात आहे.

काही साहेब लोक म्हणतात की वाघाचं लोकेशन असं सांगत सुटलं तर शिकाऱ्यांच्या हातात जाईल. भीती खोटी नाही. पण कुठे आहे ते सांगायची गरजच नाही, आज कुठे जाऊ नका एवढं सांगितलं तरी पुरे. "आज पहाडीच्या मागच्या नाल्याकडे जाऊ नका", बस.

दुसऱ्या बाजूने आमच्याही लोकांना सांगायला लागतं. मोहाखालची जागा साफ दिसावी म्हणून पाला पेटवतात आणि मग ती आग पसरत पसरत अख्खा पट्टा खाते. त्यात वाघाचंही जातं, तेंदूचंही, आणि पुढच्या वर्षीच्या मोहाचंही. झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर नेट अंथरली की पेटवायची गरज पडत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात, भाव चांगला मिळतो. काकूने सुरू केलं, आता तिच्या गल्लीतल्या बऱ्याच जणी करतात. जंगल जपायची जबाबदारी एकट्या पर्यटकाची नाही, हे मी आमच्या लोकांना तितक्याच जोरात सांगतो.

ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा पुढारी, वाघाशी झुंजताना गेला, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. पौषात तिथे जत्रा भरायची, आजी लहानपणी बैलबंडीने गेली होती, ती सांगायची की तिथे जाताना रस्त्यात मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता, देवाचं रान आहे म्हणून. कोणत्या खात्याने घातलेला नियम नव्हता तो. आज त्याच रानात गाड्यांची रांग लागते तेव्हा मला वाटतं, पाहुण्यांना गेटवर हेही सांगावं, की हे कुणाच्या देवाचं ठिकाण आहे. सांगितलं तर माणूस आवाज कमी करतो, मी पाहिलंय.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही विषय ठेवतोय. मोहाच्या आणि तेंदूच्या सीझनमध्ये बाया ज्या भागात जातात तिथल्या रूटवर सकाळी आठपर्यंत जिप्सी नको, आणि गाईड लोकांनी रोज संध्याकाळी आणि पहाटे, कुठे जायचं नाही ते गावाला कळवायचं. जिप्सीवाल्यांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं की आठपर्यंत तो रूट बंद ठेवला तर त्यांची सकाळची अर्धी फेरी जाते, पाहुणा दुसऱ्या गेटला वळतो, आणि गाडीचा हप्ता तर बँक सोडत नाही. तेही खरं आहे. म्हणून आता असं बोलणं सुरू आहे की तेवढे दिवस त्या गाड्यांना बाजूच्या गेटवर पाळी द्यावी, त्यासाठी शेजारच्या गावाची आणि वनखात्याची दोघांची मान्यता लागेल, अर्ज देऊन ठेवलाय. माहिती कळवायचं काम भावाने आणि दोन मुलींनी घेतलंय, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून उपयोग नाही, काकूकडे बटनाचा फोन आहे आणि तोही बहुतेक घरीच असतो. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचं असं सुचवलंय. पहाटे साडेचारला भोंगा वाजवायला काही जणांचा विरोध आहे, लहान लेकरं उठतात म्हणून, आणि मोहाच्या बाया म्हणतात आम्ही तर चारलाच निघतो. वेळेवरच अडलंय सध्या.